फाइल मिटव, किटली मांड

पत्र, थोडक्यात : ‘मॅडम, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, बारावी कॉमर्सला आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेत ए ग्रेड होती. मला बी.एफ.ए. (ललित कलेची पदवी) करायचंय. प्रवेशासाठी चित्रांची फाइल तयार आहे, चाळीसेक चित्रं झालीत. महाराज, गणपती, नट-नट्यांची पोर्ट्रेट्स, सगळी फोटोवरून. लोक म्हणतात, प्रिंटच वाटते. एका क्लासच्या सरांनी ६० हजार सांगितलेत, प्रवेशाची गॅरंटी देतात. पप्पा अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये आहेत. ते म्हणतात, आर्ट्सला जाऊन काय करणार, बी.कॉम. कर आणि चित्रं सुट्टीत काढ. आम्ही ओबीसी आहोत. मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय नाही मिळालं तर एक वर्ष ड्रॉप घेऊ का? आणि फाइल कशी लावू, आधी पोर्ट्रेट की आधी गणपती?’

तुझ्या मूळ पत्रात ‘फाइल’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजले. म्हणून तिथूनच सुरुवात करते, जरा कडू लागलं तरी चालवून घे. महाराष्ट्रात बी.एफ.ए.साठी राज्याचा सीईटी सेल जी परीक्षा घेतो, तिथे तुझी फाइल कोणी उघडतसुद्धा नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे तीन हाताचे पेपर आणि एक सामान्य ज्ञानाचा. कोरा कागद समोर येतो, वेळ लावलेली असते, खिशात फोन नसतो. गणपती आधी लावलास की पोर्ट्रेट, हे बघायला तिथे कोणी बसलेलं नाही.

ए ग्रेडचं म्हणशील तर तिचे सात गुण दहावीलाच खर्ची पडले. सवय मात्र शिल्लक आहे. पेपरांची नावं तुला ओळखीची वाटतील, कारण ग्रेड परीक्षेतही हेच विषय होते. फरक एवढाच, की तिथे नीटनेटकेपणावर निभावतं, इथे तू समोरचं बघतोस की नाही ते पकडलं जातं.

आणि फोटोवरून काढणारा मुलगा नेमका इथेच सापडतो. तुझी चित्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पत्रासोबत पाठवलेली तिन्ही पाहिली. हात स्थिर आहे, शेडिंग गुळगुळीत आहे, चिकाटी तर भरपूर. पण फोटोत कॅमेऱ्याने तुझ्या आधीच सगळं ठरवून टाकलेलं असतं : कुठून बघायचं, काय चौकटीत घ्यायचं, गोल गरगरीत वस्तू सपाट कागदावर कशी झोपवायची. अवघड काम त्याने केलं, तू ते स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलंस.

माझीच फजिती सांगते. प्रवेश परीक्षेच्या आधी दोन महिने मी घरातली ॲल्युमिनियमची किटली काढत होते. रोज ओट्यावर, रोज चोच उजवीकडे. इतकी पाठ झाली, की डोळे मिटून काढली असती. परीक्षेला गेले तर समोर टेबलावर चक्क किटलीच! मी मनातल्या मनात नारळ फोडला. माझी जागा मात्र अशी होती, की किटलीची चोच थेट माझ्याकडे वळलेली. तिथून चोच लांब दिसतच नव्हती. एक आखूड, जाड खुंट आणि मधोमध काळं भोक, बस्स. मी काय केलं? घरच्यासारखीच चोच उजवीकडे काढली, छान बाकदार. अर्धा तास शेडिंग केलं. उठून कागद लांबून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की वर्गातल्या कुठल्याच बाकावरून ही किटली अशी दिसत नाही. चारही पेपरांत सगळ्यात कमी गुण मला त्यात पडले. प्रवेश मिळाला तो स्मरणचित्राच्या जोरावर.

तेव्हा आज रात्री एक कर. स्वयंपाकघरातलं स्टीलचं फुलपात्र घे आणि डोळ्यांसमोर धर, असं की त्याची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत येईल. तोंड गोल आहे हे तुला माहीत आहे, पण दिसेल सरळ रेघ. आता ते हळूहळू खाली ने. रेघ उघडत जाईल, आधी चपटा लंबगोल, मग भरलेला, मग आणखी भरलेला. आता फुलपात्र टेबलावर ठेव आणि वरच्या तोंडाचा नि बुडाचा लंबगोल ताडून बघ. बूड डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे, म्हणजे त्याचा लंबगोल तोंडापेक्षा अधिक फुगीर हवा. दहातली आठ मुलं तिथे सरळ रेघ मारतात. का? तर भांडं टेबलावर सपाट टेकलंय हे डोक्याला ठाऊक असतं, आणि हात डोळ्याचं न ऐकता डोक्याचं ऐकतो. दुसरी चूक लंबगोलाच्या दोन टोकांना. तिथे पुरीच्या कडेसारखी टोकं येतात. लंबगोलाला कोपरा नसतो, कितीही चपटा असला तरी. हे दोन दोष काढलेस तर ६० हजारांतले निम्मे इथेच वाचले म्हणून समज.

मोजायला पेन्सिलच वापर. हात सरळ लांब करायचा, कोपर वाकवायचं नाही, एक डोळा मिटायचा, आणि भांड्याच्या रुंदीत उंची किती वेळा बसते ते बघायचं. कोपर वाकलं की माप गेलं. स्टीलला कंटाळलास की जुन्या नाशकात भांडीबाजारात, तांबट आळीत चक्कर मार. तांब्याचे हंडे, घंगाळं, पितळी समया रचून ठेवलेल्या असतात. एकाच ढिगात पन्नास लंबगोल, प्रत्येकाचा फुगा वेगळा. दुकानदाराला आधी विचारून बस. एक वही आणि एक ४बी पेन्सिल पुरे. रबर घरी ठेव.

स्मरणचित्रासाठी तर आपल्या गावाइतकं सोयीचं गाव नाही. बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (बाहेरच्या वाचकांसाठी : आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, नकाशा काहीही म्हणो.) तिथे जा, फोन घरी ठेवून. दहा मिनिटं एकाच जागी उभं राहायचं, काहीही काढायचं नाही, नुसतं बघायचं. मग सिटी बस धरून घरी यायचं आणि काढायचं. पहिल्या बुधवारी काय होईल ते मी आताच सांगते : दहा माणसं एका ओळीत उभी, सगळ्यांची तोंडं आपल्याकडे, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखी. मधे एक टोपली, मागे एक देऊळ. फाडू नकोस, तारीख घालून ठेव.

दुसऱ्या बुधवारी एकाच गोष्टीकडे लक्ष दे, ती म्हणजे भार कुठे आहे. भाजी निवडायला उकिडवी बसलेली बाई टाचांवर तोललेली असते, गुडघे छातीला. पोतं उचलणारा आधी खांदा खाली नेतो. तराजू धरणाऱ्याचा दुसरा हात आपोआप बाजूला जातो. तिसऱ्या बुधवारी डोक्यांची उंची बघ. सपाट जागी तू उभा असलास तर तुझ्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात, माणूस हाताच्या अंतरावर असो की पार पुलाजवळ. लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस, की गर्दी काढायची भीती जाते. मग घाटाच्या पायऱ्यांवर जा, तिथे हाच नियम कसा मोडतो ते बघ. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीजवळ बसलास तर दोन्ही एकदम दिसतं.

संकल्पचित्राबद्दल फार लिहीत नाही. त्यात तू तरशील, हात स्वच्छ आहे. फक्त इंटरनेटवरचे मंडला काढणं थांबव. येवला दोन तासांच्या आत आहे. पैठणीच्या मागावर जाऊन बघ, की विणकर मोर कसा ‘गोल’ करतो. ताणा उभा, बाणा आडवा, धागा वळत नाही, म्हणून मोराची मान पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढते. तरी लांबून बाकदार दिसते. आकार सोपा करणं म्हणजे काय, ते तिथे कळतं. सामान्य ज्ञानासाठी रोजचं वर्तमानपत्र आणि कलेचा थोडा इतिहास. पांडवलेणी चढून ये, बौद्ध लेणी आहेत, पांडवांचा संबंध नाही. अनेक नाशिककर हेसुद्धा चुकतात.

आता कुठे अर्ज करायचा ते. सीईटीचा अर्ज बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत निघतो. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा सीईटी सेलचं संकेतस्थळ उघडायची सवय आत्ताच लाव. या परीक्षेवर नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय कला महाविद्यालयं आहेत, खासगीही आहेत. जे.जे.चं मात्र वेगळं बघायचं. १८५७ सालची ही संस्था २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली आहे, तेव्हा तिथल्या प्रवेशाची सूचना तिच्याच संकेतस्थळावर शोध. मागच्या बॅचच्या दादाने काय केलं, त्यावर विसंबू नकोस.

बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ लक्षात ठेव. १९५० मध्ये सुरू झालेली तिथली ललित कला शाखा आपली चाचणी आपण घेते. त्र्यंबकचा एक मुलगा १८८५ मध्ये जे.जे.त शिकायला गेला, आणि मग बडोद्याच्या कलाभवनात. (ते कलाभवन वेगळं, आजची शाखा वेगळी, गल्लत करू नकोस.) पुढे त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. फाळक्यांचं उदाहरण पप्पांना मात्र देऊ नकोस. त्यांना कर्जात बुडालेला माणूस आठवेल.

तुझी फाइल कामाला येते ती राज्याबाहेरच्या काही विद्यापीठांत आणि खासगी विद्यापीठांत, जिथे समोर बसवून बोलतात. तिथेही चाळीस पोर्ट्रेट नेऊ नकोस. फोटोवरची दोन ठेव, तीसुद्धा कौतुकासाठी. बाकी त्या बुधवारच्या वह्या ने, चुकलेल्या पानांसकट. पहिल्या बुधवारचा ग्रुप फोटो आणि दहाव्या बुधवारची गर्दी शेजारी-शेजारी दिसली, की परीक्षकाला विचारायला काहीतरी मिळतं. प्रिंटसारख्या पोर्ट्रेटबद्दल तो काय विचारणार? ‘किती तास लागले?’ एवढंच.

जे.जे. नाही तर ड्रॉप, हे मला पटत नाही. चित्र एकट्याने सुधारतं, पण घरात बसून वर्ष कसं जातं ते मी बऱ्याच मुलांचं पाहिलंय. जूनमध्ये उत्साह, गणपतीत मंडळाचं डेकोरेशन, दिवाळीला मोबाइल. शेजारी बसून तुझ्यापेक्षा बरं काढणारा कोणीतरी रोज दिसला पाहिजे. नाशिक कलानिकेतनचं चित्रकला महाविद्यालय गावातच आहे. सायकलवर जाता येईल असं कॉलेज हलकं समजू नकोस, खोलीभाडं वाचतं ते कागद-रंगात जातं. शिवाजी तुपेंनी याच गावच्या घाटांवर, वाड्यांवर आयुष्यभर जलरंग केले, त्यांचं काम कुठे बघायला मिळालं तर सोडू नकोस. कोणत्याही खासगी संस्थेत पाऊल टाकलंस तर एकच प्रश्न विचार : पदवी कोणत्या विद्यापीठाच्या नावाने मिळते? उत्तर लगेच, एका वाक्यात आलं नाही, किंवा ‘आमचा स्वतःचा डिप्लोमा आहे, इंडस्ट्रीत चालतो’ असं आलं, तर चहा पिऊन निघून ये.

क्लासचंही तसंच. गॅरंटी देतो म्हणणाऱ्याला नमस्कार कर. सीईटीचा कागद तपासणारा त्याचा मेहुणा नाही. क्लास लावूच नको असं माझं म्हणणं नाही, वेळ लावून काढायची सवय एकट्याला लागत नाही. पण आधी एक तास नुसता बसून बघ. सर टेबलावर वस्तू मांडतात की झेरॉक्स वाटतात? वस्तू मांडत असतील, पोरांना जागा बदलून बसवत असतील, तर फीबद्दल बोल, आणि ६० हजारांच्या पुष्कळ खाली बोल.

आता ज्याच्यामुळे प्रवेश खरोखर जातात, ते. चित्रांमुळे गेलेले प्रवेश मी मोजू शकते, कागदांमुळे गेलेले मोजता येत नाहीत. तू ओबीसी म्हणतोस, पण जातवैधता प्रमाणपत्राचं पत्रात नावही नाही. सायन्सच्या मुलांकडून कॉलेज अकरावी-बारावीतच अर्ज भरून घेतं, कॉमर्सवाल्यांना बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रांताचा, वैधता जिल्ह्याच्या पडताळणी समितीची. आपल्याकडे समितीचं ऑफिस नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म-मृत्यूचा उतारा. गावच्या शाळेतून तो काढायचा तर एक-दोन खेपा होणारच. चुलते, आत्या, चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाची वैधता झाली असेल तर आधी तिची प्रत मिळव, काम पुष्कळ हलकं होतं. नॉन-क्रिमीलेअर वेगळं, त्याची मुदत ३१ मार्चला कुठल्या साली संपते ते वाच. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला. सेतूत जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आत्ता असते.

अर्ज नेट कॅफेत भरलास तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा दे. माझ्या एका विद्यार्थिनीचा ओटीपी कॅफेवाल्याच्या फोनवर जायचा आणि तो माणूस बरोबर पसंतीक्रमाच्या दिवशी मामाच्या लग्नाला गेला होता. ती बाहेरच्या पायरीवर बसून होती, रात्री नऊपर्यंत. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच, एक अक्षर इकडे नको की तिकडे नको.

राहिले पप्पा. निम्मा घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे ‘आर्ट्सला गेला’ म्हणजे बी.ए.ला गेला, आणि ते जरा खालच्या आवाजात सांगतात. (बी.ए.वाल्यांवर हा अन्यायच आहे, पण ते पत्र वेगळं.) बी.एफ.ए. चार वर्षांची पदवी आहे, बारावी कुठल्याही शाखेची चालते, दिवसभर हाताचं काम असतं, आणि त्यात उपयोजित कला, रेखा व रंगकला, शिल्पकला असे वेगळे रस्ते आहेत. उपयोजित कलेला पॅकेजिंग, जाहिरात, ॲपचे पडदे अशी कामं आहेत. रंगकलेचा रस्ता लांबचा आहे आणि सुरुवातीला पैसा कमी, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. फीच्या पावतीत न दिसणारा साहित्याचा खर्चही आधीच सांग. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर असतात, कॉलेजच्या क्लार्कला गाठून तुला काय लागू होतं ते विचारून घे. आणि तो आकडा कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. प्रेस शॉपमधला माणूस आकड्याला घाबरत नाही, आकडा नसला की घाबरतो.

बाकीचा निम्मा घोटाळा बोलून सुटेल असं मला वाटत नाही. तुझे पप्पा रोज जॉबचं ड्रॉइंग वाचत असतील, वरून दिसणारं, समोरून दिसणारं. एकदा त्या फुलपात्राचं टॉप व्ह्यू आणि फ्रंट व्ह्यू त्यांना काढायला लाव, आणि मग तू बाजूला बसून तेच भांडं दिसतं तसं काढ. माझा अंदाज आहे, की तुझ्या बुडाची रेघ चुकलीय हे सगळ्यात आधी तेच दाखवतील. सेकंड शिफ्ट असेल तर रविवारी कर, झोपमोड करून कलेचा विषय काढू नये.

पेन्सिल ब्लेडने तास, शार्पनरने नको. वैधतेच्या अर्जाची पावती मिळाली की मला कळव, वह्या त्यानंतर पाठव.